पटाभोवती : ‘या गावात ड्रॅगन नाहीत’

या वेळची तीन पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. खेळणाऱ्याने कोणतं पात्र घ्यायचं यावर बंधन घालावं का, आणि घातलं तर कसं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ‘मी आता हे करतो’ असं सांगतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. अशी सेशन महिनोन्‌महिने चालतात, त्या सगळ्या गोष्टीला कॅम्पेन म्हणतात. पात्राला जमात असते, म्हणजे माणूस, एल्फ, ड्वार्फ वगैरे. आणि क्लास असतो, म्हणजे त्याची विद्या: फायटर (लढवय्या), विझर्ड (पोथीतून जादू शिकलेला), क्लेरिक (देवाकडून शक्ती मिळालेला) अशी. खेळत गेलं की पात्र एकेक पातळी वर चढतं. आमचा डाव दर रविवारी दुपारी फोंड्याला, आमच्याच घराच्या सोप्यावर बसतो. खाली लिहिलं आहे ते बहुतेक त्या सोप्यावर शिकलेलं आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डिचोलीचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर खपून मी एक कॅम्पेन तयार केलं आहे. कदंब राजांच्या काळासारखा गोवा, नदीकाठचं, भरतीचं पाणी बांधाने अडवलेल्या खाजन शेतांचं गाव, आणि बांध राखायला रात्री जागणारी माणसं. नकाशाचा फोटो जोडला आहे. आम्ही २०१४ चं नियमपुस्तक वापरतो. मी दोन नियम केले: पात्रं फक्त माणसांची, आणि विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक हे जादूगारांचे क्लास नाहीत. यावरून भांडण झालं. माझ्या मावसभावाला ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनच्या वंशातला, आग फुंकणारा) सॉर्सररच हवाय, त्याने तर त्याची मिनिएचर, म्हणजे पटावर ठेवायची छोटी मूर्तीसुद्धा रंगवून ठेवली आहे. तो म्हणाला, ‘मग पुस्तक विकत कशाला घेतलं?’ एका मैत्रिणीला टीफलिंग (सैतानी वंशाची, शिंगं असलेली) हवी आहे. बाकी तिघं गप्प आहेत. मी हट्टीपणा करतोय का? सगळ्यांना हवं ते घेऊ दिलं तर माझं गाव राहणारच नाही असं वाटतं.

उत्तर : तुझं पत्र मी नकाशा समोर ठेवून वाचलं. बांध कुठे वळतो, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कुठे आहे, भरतीचं पाणी कोणत्या खाडीतून चढतं हे तू इतकं नीट काढलंयस की त्या गावात मी कधीतरी पाहुणी म्हणून गेले असेन असं वाटलं. तू हट्टी नाहीस. जग उभं करणाऱ्याला ‘इथे हे नाही’ म्हणायचा अधिकार असतो, आणि पुस्तकही तुझ्याच बाजूने आहे. २०१४ च्या पुस्तकात नऊ जमाती आहेत. त्यांतल्या ड्रॅगनबॉर्न आणि टीफलिंगसह पाच जमाती ‘दुर्मीळ’ म्हणून वेगळ्या काढल्या आहेत, आणि त्या प्रत्येक जगात असतीलच असं नाही हेही तिथेच लिहिलं आहे. ते पान मावसभावाला दाखव. पण अधिकार आहे एवढ्यावर थांबू नकोस.

मी प्रत्येक बंदीला एकच प्रश्न विचारते: ही पटावर दिसणार आहे का? पहिल्या दोन-तीन सेशनमध्ये हिच्यामुळे कोणाला तरी काहीतरी वेगळं करावं लागणार आहे का? दहा सेशन झाली आणि एल्फ का नव्हते हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, तर ती बंदी जगाची नव्हती, डीएमच्या आवडीची होती. आवडीसाठी दुसऱ्याचं पात्र काढून घेणं मला पटत नाही.

आता तुझा पहिला नियम घे, फक्त माणसं. तू कारण दिलं आहेस, ‘त्या काळात एल्फ नव्हते’. हे कारण लंगडं आहे. तुझ्या हाताशी याहून फार चांगलं कारण आहे आणि ते तुझ्या लक्षात आलेलं नाही. तुझं कॅम्पेन रात्रीचं आहे. अमावास्येचं उधाण आहे, खेकड्यांनी बांधाला भोकं पाडली आहेत, पाणी कुठून झिरपतंय ते शोधत माणसं बांधावरून चालली आहेत. त्या नऊ जमातींपैकी सहांना अंधारात दिसतं, साठ फुटांपर्यंत. दिसत नाही ते तिघांना: माणूस, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्न. पाचांतले चार जण एल्फ आणि ड्वार्फ घेऊन आले की तुझी रात्र संपली. चूड, म्हणजे झावळ्यांची मशाल, कोणी पेटवणार नाही, ती विझेल अशी भीती कोणाला वाटणार नाही. माणसंच असली तर चूड लागेल. नियमाप्रमाणे मशालीचा उजेड वीस फूट स्वच्छ, पुढे वीस फूट मिणमिणता, आणि तासाभरात खेळ खलास. त्या चाळीस फुटांपलीकडे काय आहे, पाणी की कोणी उभं आहे, हे कोणालाच माहीत नाही. ही बंदी पटावर दिसते. हे कारण सांग, काळ-बिळ सांगू नकोस.

पण मग अर्ध्यावर सोडू नकोस. तू क्लेरिक ठेवला आहेस. क्लेरिकला पहिल्याच पातळीवर ‘लाइट’ नावाचा छोटा मंत्र घेता येतो, तो कितीही वेळा म्हणता येतो आणि उजेड मशालीएवढाच पडतो. म्हणजे दारातून एल्फला घालवलंस आणि खिडकी उघडी ठेवलीस. मी असते तर तो मंत्र काढून टाकला नसता. बांधावर तेलाशिवाय जळणारा उजेड दिसला की पलीकडच्या काठावरूनही काहीतरी उत्तर देतं, एवढं पहिल्या रात्री दाखवलं असतं. मग क्लेरिकवाल्याने दर वेळी ठरवावं, उजेड करायचा की नाही.

दुसरा नियम, विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक नाहीत. क्लेरिक आणि ड्रुइड (निसर्गाकडून शक्ती मिळालेला) मात्र आहेत. म्हणजे जादू आहे, फक्त ती पोथीतून किंवा रक्तातून येत नाही. ग्रामदेवतेकडून येते, मातीकडून येते. हे फार सुंदर आहे, पण तू ते कोणाला सांगितलेलंच नाहीस. आता हे दिसणार कसं ते बघ. क्लेरिक होडीत बसून नदीपलीकडे गेला तर त्याची विद्या तेवढीच चालते का? गावाची सीव ओलांडली की मंत्र अडखळतो का? चालत असेल तर विझर्ड आणि त्याच्यात काही फरक उरला नाही, मग विझर्डलाही येऊ दे. अडखळत असेल तर गाव सोडणं ही प्रत्येक वेळी मोठी गोष्ट होईल, आणि विझर्ड का नाही हे कोणी विचारणार नाही.

जुन्या नियमांत नेमकी हीच गफलत होती. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ पहिल्यांदा छापला तेव्हा तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. माणूस कितीही वर चढू शकत होता. ड्वार्फ मात्र सहाव्या पातळीला थांबायचा. जग माणसांचं राहावं हा त्यामागचा हेतू. पण सहावी पातळी येईपर्यंत महिने जातात. तोवर ड्वार्फ घेणाऱ्याला नुसता फायदाच फायदा, आणि पुढे एके दिवशी अचानक भिंत. जग त्यामुळे माणसांचं झालं नाही, एका खेळणाऱ्याचा हिरमोड तेवढा झाला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही भिंत पाडली ते बरं केलं. याउलट १९९१ चं ‘डार्क सन’ बघ. वाळवंटी जग, धातू जवळजवळ नाही, देव नाहीत, नोम नावाची जमात समूळ मारून टाकलेली. तिथे तलवार हाडाची किंवा दगडाची असते आणि ऐन लढाईत मोडते. काय नाही हे दर सेशनला हातात येतं. अशी बंधनं असलेलं जग लोक तीस वर्षांनीही आठवतात.

जुन्या नियमांतली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तू गावाचं कॅम्पेन करतोयस. तेव्हा ड्वार्फने जादू शिकायची नाही, पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा, फक्त माणसानेच व्हायचं, असं लिहिलेलं होतं. जन्मावरून विद्या. आपल्या देशातल्या माणसाने हे वाचलं की त्याला दुसरंच काहीतरी आठवतं, आणि आठवायलाच हवं. तू पात्रांची नावं म्हणून गावातले धंदे घेणार असशील, आणि घ्यावेसच, तर जाळं टाकणारा पागी, माडावर चढणारा, मिठागरात राबणारा, बांध घालणारा, देवाला गाऱ्हाणं घालणारा घाडी, पाईक, मानस उघडझाप करणारा असे घे. पण धंदा घे, जन्म घेऊ नकोस. तुझ्या गावात घाड्याची मुलगी पाईक होऊ दे आणि मिठागरवाल्याच्या घरात देवीचा कौल लागू दे. इतिहासात तसं होतं का, असं कोणी विचारलं तर सांग की ते जग मी घडवलंय, आणि हे मी मुद्दाम केलंय.

हीच यादी तुझ्या भांडणावरचा अर्धा उपायही आहे. तू मित्रांना काय नाही याची यादी दिलीस. त्याऐवजी या गावात कोण कोण राहतं त्याचं एक पान दे. सात-आठ माणसं, प्रत्येकापुढे दोन ओळी. पागी म्हणजे रेंजर (माग काढणारा), पाण्याखालचं त्याला दिसतं तसं कोणाला दिसत नाही. मानसवाला म्हणजे ‘रोग’ (इंग्रजी Rogue, चोरवाटा जाणणारा), कोणतं दार कधी उघडतं हे त्यालाच माहीत आणि बाहेरच्यांचे पैसेही त्याच्याच कमरेला. असं वाचलं की माणूस ड्रॅगन विसरून विचारतो, ‘हा मानसवाला मी घेऊ?’ आमच्या सोप्यावर हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

आता वेळेबद्दल, कारण इथे माझ्याकडून चूक झालेली आहे. काही वर्षांपूर्वी मी सत्तरीच्या रानात, ऐन पावसाळ्यात अडकलेल्या लोकांची गोष्ट मांडली होती. भूक हाच तिचा कणा होता. एका मुलाने ड्रुइड घेतला, मी हो म्हटलं. ड्रुइडला ‘गुडबेरी’ नावाचा पहिल्या पातळीचा मंत्र असतो. एका वेळी दहा बोरं तयार होतात आणि एक बोर म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं अन्न. दुसऱ्या सेशनला त्याने तो म्हटला आणि माझी भूक संपली. मी घाबरले. तिसऱ्या सेशनच्या सुरुवातीला, सगळ्यांसमोर, मी सांगितलं की हा मंत्र आता या जगात नाही. तो काही बोलला नाही. पेन्सिलीने लिहिलेली ती ओळ त्याने खोडरबराने खोडायला घेतली. पावसाळ्याचे दिवस, कागद सादळलेला. खोडता खोडता तिथे भोक पडलं. त्याने कागद उलटा करून त्या भोकातून एकदा टेबलाकडे बघितलं, मग तो सरळ करून ठेवला आणि खेळला. पुढचे दोन रविवार आला, मग यायचा थांबला. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, ‘ताई, आधी सांगितलं असतं तर मी दुसरं काहीतरी घेतलं असतं की.’ रागाने नाही म्हणाला, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला.

तेव्हापासून पहिल्या सेशनच्या आधी एक दिवस नुसतं बोलायला बसतो. सेशन झिरो म्हणतात त्याला. कोणीही पात्र लिहायला घेण्याआधी काय आहे, काय नाही आणि का, हे मी सांगते. त्यानंतर नवी बंदी घालायची माझी इच्छा झाली तर मी ती गिळते आणि पुढच्या कॅम्पेनसाठी वहीत लिहून ठेवते. तुझं भांडण सेशन झिरोच्याही आधी झालं आहे. मला विचारशील तर हीच त्याची योग्य वेळ.

बंधन आणि मोकळीक एकत्र कशी नांदतात हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझं आजोळ पेडण्याचं. जत्रेला रात्री दशावतारी नाटक असायचं. आम्ही पोरं काणोसा घ्यायला रंगपटात शिरायचो. पेटाऱ्याजवळ बसून नट स्वतःच्या हाताने तोंड रंगवत असायचे आणि मंडळीतला जाणता माणूस त्यांना आज कोणतं आख्यान आहे, कोण राजा, कोण राक्षस, कोण नारद, एवढं सांगून जायचा. लिहिलेला एक शब्द नाही. राजाचं सोंग मिळालेल्याने राजाच व्हायचं, मध्येच नारद व्हायचं नाही. पण राजा काय बोलेल, कशावर चिडेल, राणीपुढे कधी गप्प बसेल, हे त्याचं त्याने रंगमंचावर उभं राहून ठरवायचं. एकदा राक्षसाने भर दरबारात राजाला विचारलं, ‘तू न्यायी असशील तर माझ्या आईला कोणी मारलं ते सांग.’ हे आख्यानात नव्हतं. राजा झालेल्या नटाने मुकुट काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. पेटीवाल्याने एकच सूर धरून ठेवला. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तो सूर मला अजून ऐकू येतो. कोणतंही सोंग घ्यायची त्या नटाला मुभा असती तर तो क्षण आला नसता असं मला वाटतं. तू मित्रांना त्या रंगपटातल्या माणसाइतकंच सांग, त्याहून जास्त नाही.

राहिला मावसभाऊ. त्याला एकट्याला गाठ, चहाला ने, आणि विचार, ‘ड्रॅगनबॉर्नमधलं तुला नेमकं काय हवंय?’ उत्तर ‘आग’ असेल तर त्याची कॅरेक्टर शीट तशीच ठेव आणि अंगावरचे कपडे बदल. तो माणूस आहे, पण लहानपणी बांधाच्या राखणदाराने त्याच्या तोंडात चुडीची ठिणगी ठेवली. ड्रॅगनबॉर्नच्या फुंकरीचे आकडे जसेच्या तसे वापर, तोल कुठेही ढळत नाही. शिवाय २०१४ च्या नियमांत ड्रॅगनबॉर्नला अंधारात दिसत नाही, म्हणजे तुझी रात्रही शाबूत राहते. २०२४ ची आवृत्ती घेतलीत तर मात्र जपून, तिच्यात त्याला अंधारात दिसतं आणि पाचव्या पातळीला उडताही येतं. आणि तुझ्या दुसऱ्या नियमालाही धक्का नाही, त्याची विद्या याच मातीतून आलेली आहे. उत्तर ‘मला परका व्हायचंय’ असं असेल तर त्याला फुटलेल्या गलबतातून वाहून आलेला खलाशी कर. कदंबांचं गोपकपट्टण मोठं बंदर होतं, अरब व्यापारी तिथे येत-जात होते. गावाची भाषा न येणारा एक माणूस बांधावर हवाच. आणि उत्तर ती मिनिएचर असेल, रात्ररात्र बसून खवल्यांवर एकेक छटा चढवलेली, तर तिला पटावर जागा दे. ती त्या बांधाची राखणदार आहे आणि फक्त त्याच्याच पात्राला दिसते. यातलं काहीच त्याला नको असेल तर हे कॅम्पेन त्याचं नाही. तसं प्रेमाने सांग, आणि पुढचं कॅम्पेन त्याने चालवावं असंही सांग. ते मनापासून म्हण.

टीफलिंगवाल्या मैत्रिणीला मी हो म्हणेन. कपाळावर दोन उंचवटे घेऊन जन्मलेली, अंधारात दिसणारी एकच मुलगी साऱ्या गावात. सगळे चूड शोधत असताना ती म्हणते, ‘तिथे कोणीतरी आहे.’ गाव तिला जवळ करेल की घाबरेल, हे बघायला मलाच तुमच्या टेबलाशी यावंसं वाटतंय. पण एकीलाच. दोघींना दिलंस तर ती एकटी राहणार नाही.

प्रश्न : मी मडगावला एका खासगी कंपनीत काम करते. ऑफिसमधल्या पाच जणांचा डाव आहे, त्यात मी एकटीच बाई. आमच्या डीएमने जुन्या काळचं कॅम्पेन सुरू केलंय. मला फायटर घ्यायची होती. तो म्हणतो, ‘त्या काळी बायका लढत नव्हत्या, तू वैद्य घे नाहीतर राणी घे.’ बाकीचे म्हणतात, त्याचं जग आहे, त्याला ठरवू दे. मी उगाच ताणतेय का?

उत्तर : नाही. तुम्ही अजिबात ताणत नाही.

वरच्या उत्तरात मी डीएमच्या बाजूने बरंच लिहिलं आहे, म्हणून इथे स्पष्ट सांगते. बंधन जगावर असावं, एका खुर्चीवर नाही. तुमच्या टेबलावर पाच खुर्च्या आहेत आणि या नियमाचं सगळं वजन एकाच खुर्चीवर पडतंय. बाकी चौघांना हा नियम असला काय नि नसला काय. एवढ्यावरूनच तो वाईट नियम ठरतो, इतिहास काढायची गरजच नाही.

तरी त्याने इतिहास काढलाच तर दोन गोष्टी हाताशी असू द्या. आपल्याच किनाऱ्यावर, दक्षिणेला उल्लाळच्या राणी अब्बक्काने १६ व्या शतकात पोर्तुगिजांशी लढाया केल्या. आणि आपल्याकडच्या वीरगळांवर जहाजातून लढणारे पुरुष कोरलेले दिसतात हे खरं, पण दगडावर कोणाला कोरलं आणि लढलं कोण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाचाही इतिहास आहे. १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा कमी मर्यादा घातलेली होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकली. जे छापणाऱ्यांनी इतक्या वर्षांपूर्वी सोडलं ते तुमचा डीएम पुन्हा उचलून आणतोय.

एक समजून घ्या. तो म्हणाला असता की या गावात सैन्यच नाही, तुम्ही पाचही जण साधी माणसं आहात, कोणीच फायटर नाही, तर मी तुम्हाला म्हटलं असतं, खेळून बघा. ते बंधन पाचांवर सारखं पडतं आणि त्यातून चांगली गोष्ट उभी राहू शकते. हा पर्याय त्याच्यापुढे ठेवा. तो घ्यायला तयार झाला तर त्याला खरंच जगाची काळजी आहे. नाही झाला, तर काळजी कशाची आहे ते तुम्हालाही कळेल आणि बाकी चौघांनाही.

सेशनच्या आधी, एकट्याशी बोला. टेबलावर सगळ्यांसमोर बोललात तर तो हरू नये म्हणून अडून बसेल. ‘मला हे पात्र हवंय आणि त्याला नाही म्हणायचं कारण माझ्या एकटीवर पडतं’, एवढंच वाक्य पुरे. तरीही ऐकलं नाही तर तो डाव सोडा. फोंड्याला या. रविवारी तीन वाजता आम्ही सुरू करतो आणि एक खुर्ची नेहमी जास्तीची मांडलेली असते.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या तीन मित्रांना हा खेळ खेळायचा आहे. मीच डीएम होणार, मलाही अनुभव नाही. पुस्तकात बारा क्लास आहेत आणि मुलं तासभर नुसती पानं उलटत बसली. किती पर्याय द्यावेत? (एक पालक, पर्वरी)

उत्तर : चार. फायटर, रोग, क्लेरिक, विझर्ड. २०१४ च्या आवृत्तीचे फुकट मिळणारे मूळ नियम आहेत, त्यांतही हेच चार आहेत आणि जमातीही चारच: माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग. पहिल्या पातळीची चार पात्रं तुम्ही आधीच भरून ठेवा, आकडे मोठ्या अक्षरात. नाव, रूप, आईबाप, कशाची भीती वाटते, हे रकाने मात्र कोरे ठेवा. तिथे मुलांना हवं ते लिहू द्या, एकही शब्द दुरुस्त करू नका. मंत्रांची यादी विझर्डवाल्याला दाखवू नका, त्याच्यासाठी तीन मंत्र तुम्हीच निवडून चिठ्ठ्यांवर लिहून द्या. पहिला डाव दीड तासाच्या वर नेऊ नका.

आणि एक जण नक्की म्हणणार, ‘मला यातलं काही नको, मला वाघ व्हायचंय.’ हो म्हणा. १९७४ च्या त्या पहिल्या पुस्तिकांत लिहिलेलं आहे की खेळणाऱ्याला जवळजवळ काहीही होता येईल, अगदी ड्रॅगनसुद्धा, फक्त सुरुवात दुबळ्यापासून करायची आणि चढत जायचं. तर त्याला वाघाचं पिल्लू द्या. दार उघडता येत नाही, तलवार धरता येत नाही, माणसांशी बोलता येत नाही, चार फटक्यांत आडवं होतं. पण वास येतो, आणि रात्री दिसतं. मग त्याला विचारा, याची आई कुठे आहे.